दुसऱ्या कार्डाच्या आधीचं पाणी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पार पोटात दुखेपर्यंत. ती घरात आली तेव्हा नव्हता वाटत. एका घरात दोन जावा म्हटल्या की थोडं डावं-उजवं चालायचंच. पण आठ महिन्यांपूर्वी ती माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच मशीनखोलीत, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिथून माझं डोकं फिरलं.

मशीनखोली तळमजल्यावर आहे, एक्स-रेच्या मागे. खिडकी नाही. एसी गळतो, त्याच्याखाली एक निळी बादली ठेवलेली असते आणि ती दर दोन दिवसांनी मी रिकामी करते, कारण दुसऱ्या कुणाला ती दिसतच नाही. कोपऱ्यात म्हातारा. म्हातारा म्हणजे एकोणीस वर्षांचा जुना सर्व्हर. त्याला माउस नाही, चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि जे काय सांगायचं ते टाइप करून सांगायचं. लॅबमधली रक्त तपासायची यंत्रंही त्याच्याच वयाची. ती बोलतात फक्त म्हाताऱ्याशी. त्यांनी काढलेले आकडे म्हातारा वॉर्डांना, रक्तपेढीला आणि चौथ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरला पोचवतो. तो बंद तर सगळ्यांचे पडदे कोरे.

त्याच्या पाठीला दोन नेटवर्क कार्डं आहेत. कार्ड म्हणजे केबल जिथे खोचतात ते दार समजा. पहिलं दार वॉर्डांकडे, दुसरं लॅब, रक्तपेढी आणि थिएटरकडे. आणि ह्या म्हाताऱ्याची एक खोड अशी, की बंद होऊन चालू झाला की सगळं विसरतो. आपला पत्ता काय, कुठला निरोप कुठल्या दारातून न्यायचा, काही म्हणून आठवत नाही. मग समोर बसून त्याला सांगावं लागतं. आधी आयएफकॉन्फिगचा हुकूम देऊन पहिल्या कार्डाला पत्ता द्यायचा, मग राउट ॲड, राउट ॲड करत एकेका वॉर्डाची वाट सांगायची, मग दुसऱ्या कार्डाला पत्ता, मग पुन्हा वाटा. अकरा ओळी. मला तोंडपाठ. झोपेत विचारा, सांगेन.

हे अकरा हुकूम एकदाच एका फाइलीत लिहून ठेवता येतात. मशीन सुरू होताना ती फाइल आपोआप वाचतं आणि आपलं आपण सगळं करतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला फोन कोण करणार होतं?

आणि फोन यायचे हो. लेकीच्या शाळेत पालकांची सभा चालू असताना यायचे. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलेली असताना यायचे. "ताई, म्हातारा बसला, लवकर या." मी कपाळाला आठ्या घालून उठायचे, "शी बाई, एक दिवस सुखाचा नाही," असं चारचौघांत म्हणायचे, आणि आतून अशी सुखावायचे की बस. आमचे हे म्हणायचे, "अगं, त्या म्हाताऱ्याशीच लग्न करायचं होतंस." मी म्हणायचे, "विचारलं होतं, तुमच्याच आईंनी घाई केली."

आता त्या पाण्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

म्हाताऱ्याचं दुसरं कार्ड उशिरा जागं होतं. मशीन सुरू झालं तरी त्या कार्डाला पाऊण मिनिट तरी हात लावायचा नाही. लावलात, घाईने त्याला पत्ता द्यायला गेलात, की ते हटून बसतं. मग कितीही हुकूम सोडा, ऐकत नाही. पूर्ण मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला तिसऱ्या वर्षी कळलं, एक अख्खी दुपार डोकं आपटून. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पहिलं कार्ड, त्याच्या वाटा, मग उठायचं, माठातून ग्लासभर पाणी घ्यायचं, उभ्याने सावकाश प्यायचं, ग्लास विसळून पालथा घालायचा, मग दुसरं कार्ड. पाऊण मिनिट बरोबर भरतं. बघणाऱ्याला वाटावं, बाईला तहान लागली.

सोळा वर्षं मी असं पाणी पीत आले आणि एका माणसाला त्याचं कारण सांगितलं नाही.

तर धाकटी आली. डिग्र्या दोन, सर्टिफिकेटं भिंतभर, वागायला गोड. तेच तर! नुसती हुशार असती तर मी तिला शिष्ट म्हणून मोकळी झाले असते. पण ही येता-जाता "ताई, चहा सांगू का तुम्हाला?" आणि पहिल्याच आठवड्यात निळी बादली तिला दिसली. तिने आपणहून रिकामी केली. एकोणीस वर्षांत बादली दिसलेली दुसरी बाई. त्या दिवशी मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरीही तेच. माझ्या लेकीला बीजगणित अडलं की ती वहीपेन घेऊन वरच्या मजल्यावर काकूकडे. आम्ही खाली, ती दोघं वर राहतात. मी म्हटलं, "मला विचार की, मी काय अडाणी आहे?" तर म्हणते, "आई, तू ओरडतेस." सासूबाईंचं तर विचारूच नका. त्यांच्या मोबाइलची अक्षरं धाकटीने मोठी करून दिली, तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइल दाखवतात. "धाकटीच्या हाताला गुण आहे." तोच मोबाइल रोज रात्री चार्जिंगला मी लावते. माझ्या हाताला काय आहे, ते कुणी बघत नाही.

त्यात आमचे हेडसाहेब निवृत्त व्हायचे होते, महिनाअखेरीला. मशीनखोलीचा पुढचा हेड कोण, हे हॉस्पिटलचे मोठे साहेब ठरवणार होते. माणसं दोनच, मी आणि ती. मला ती खुर्ची हवी होती. लाजत नाही सांगायला. एकोणीस वर्षं मी "ताई" होते. ताई म्हणजे बोलवायची आणि विसरायची. ही आठ महिन्यांत "मॅडम" झाली. मला एकदा, फक्त एकदा, दारावर माझं नाव हवं होतं.

धाकटी म्हणाली, "ताई, म्हातारा पुन्हा सुरू करताना मला बघू द्याल? लिहून घेते." नाही कसं म्हणणार? हेडसाहेब समोर. तीनदा तिने बघितलं, वही मांडीवर घेऊन, ओळ न् ओळ. तिसऱ्या वेळी मी पाणी पीत असताना तिने पेन थांबवलं.

"ताई, इथे तुम्ही दर वेळी इतका वेळ थांबता. काही कारण आहे का?"

ग्लास माझ्या ओठाला होता. मी सावकाश प्याले, विसळला, पालथा घातला.

"तहान लागली म्हणून पाणी प्याले. त्याचीही नोंद करणार आहेस का?"

ती ओशाळली. "तसं नाही हो," म्हणाली आणि वहीत खाली बघून पुढची ओळ लिहायला लागली. मी खोटं बोलले. विचारलं तेव्हा, तोंडावर, ठरवून खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी तिने फाइल तयार केली. अकरा ओळी, सुबक, प्रत्येकीच्या वर ही वाट कुणाची त्याची टीप. हेडसाहेब चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेले. "वा! एकोणीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही!" मी मागेच उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली. सुचलं नाही? मेल्यांनो, सुचू दिलं नाही!

ती जेवायला गेल्यावर मी फाइल उघडली. पहिलं कार्ड, वाटा, लगेच त्याच्या खाली दुसरं कार्ड. मध्ये काही नाही. सगळं लिहिलं होतं तिने, फक्त माझं पाणी लिहिलं नव्हतं. कुठून लिहिणार? मी म्हटलं, बघू आता. मशीन चालू होतं, मी दिलेल्या जुन्या हुकमांवर चालू होतं, म्हणून चूक कुणाला दिसणार नव्हती. दिसेल ती पुढच्या वेळी बंद पडून सुरू होईल तेव्हा. मी फाइल मिटली.

अकरा दिवसांत मी ती फाइल तीनदा उघडली. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी हात चालला होता. मध्ये एक ओळ घातली की झालं, 'पंचेचाळीस सेकंद थांब', एवढंच म्हाताऱ्याला सांगायचं. मी ती टाइपसुद्धा केली. तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. हेडसाहेब आणि धाकटी. हेडसाहेब म्हणत होते, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी सुखाने घरी जाईन." मी ती ओळ सेव्ह न करता बाहेर पडले.

मग नोटीस लागली. बुधवारी विजेचा मुख्य बोर्ड बदलणार, अकरा ते साडेअकरा सगळं बंद. त्या वेळी ठरलेलं ऑपरेशन एकही नव्हतं. मी बुधवारची रजा टाकली.

बुधवारी मी कपाटं आवरायला काढली. सासूबाई म्हणाल्या, "आज कसं काय घरी?" म्हटलं, "रजा शिल्लक आहेत." मोबाइल कमरेशी. साडेअकरा झाले. अकरा चाळीसला वाजला. हेडसाहेब. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि वाजून वाजून बंद होऊ दिला. काय सांगू, त्या अर्ध्या मिनिटात मला जे वाटलं ते मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"ताई, म्हातारा उठत नाहीये हो!"

"असं कसं? आता फाइल आहे ना?" मी म्हटलं. अगदी साळसूदपणे.

तिकडे कुणीतरी फोन हिसकावला. धाकटी होती. धापा टाकत होती.

"ताई, दुसरं कार्ड हटून बसतंय. दोनदा पूर्ण बंद करून सुरू केलं. केबल बदलली, फाइल तपासली. माझ्याकडून काहीतरी सुटतंय. काय सुटतंय ताई?"

एक वाक्य होतं. 'मध्ये पाऊण मिनिट थांब.' चार शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते, शपथेवर सांगते.

"येते मी," म्हटलं आणि फोन ठेवला.

घर ते हॉस्पिटल चालत वीस मिनिटं. त्याआधी मी कपडे बदलले. इस्त्रीचे घातले. केस विंचरले. सासूबाई म्हणाल्या, "इतकं घाईचं काम आहे आणि भांग कसले पाडतेस?" मी म्हटलं, "लोकांत जायचंय."

पोचले तर लिफ्टपाशी गर्दी. विजेवाल्यांनी लिफ्ट अजून बंदच ठेवली होती. जिन्याच्या तोंडाशी रक्तपेढीवाला उभा, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मला बघून म्हणाला, "आलात, देव पावला! पडद्यावर रक्तगट येत नाही आणि थिएटरवाले तोंडी घेत नाहीत, लेखी मागतात. तुमची मॅडम जिन्याने पळतेय मघापासून." मला त्यातलं 'आलात, देव पावला' तेवढंच ऐकू आलं.

मशीनखोलीत हेडसाहेब एकटेच, घामाघूम. मी खुर्ची ओढली. आधी धाकटीच्या फाइलीतल्या दुसऱ्या कार्डाच्या ओळी खूण घालून बाद केल्या, म्हणजे म्हातारा त्या वाचणार नाही. मशीन पूर्ण बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पहिलं कार्ड आलं. मी उठले.

"कुठे चाललात?" हेडसाहेब ओरडले.

"पाणी प्यायला."

माठातून घेतलं, उभ्याने प्याले, ग्लास विसळला, पालथा घातला. बसले. दुसऱ्या कार्डाला पत्ता दिला. घेतला त्याने. रक्तपेढीची वाट, थिएटरची वाट, लॅबची वाट. वरच्या मजल्यांवरून एकेक फोन यायला लागले, आलं, दिसलं, चालू झालं. हेडसाहेबांनी दोन्ही हात जोडले. "शेवटी थोरलीच हवी. हे त्या सर्टिफिकेटांचं काम नाही."

हेच ऐकायचं होतं मला. एकोणीस वर्षं. ऐकलं आणि असं वाटलं, की आता दार उघडून धाकटीने आत यावं आणि हे तिच्यासमोर पुन्हा म्हणावं त्यांनी.

दार उघडलं, पण ती नव्हती. आया होती. म्हणाली, "ताई, तुमच्या जाऊबाई जिन्यात पडल्या. पाय मुरगळलाय. तरी लंगडत वर गेल्या आणि चिठ्ठी देऊनच बसल्या."

मग हळूहळू सगळं कळलं. बारा वाजायच्या सुमारास एक बाळंतीण अचानक थिएटरात न्यावी लागली. रक्त थांबत नव्हतं. लॅबमधून गट, रक्तपेढीकडून पिशवी, थिएटरकडे खात्री, हे सगळं जे म्हातारा डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, ते धाकटीने पायांनी केलं. चार मजले, सहा फेऱ्या. बाई वाचली. बाळही वाचलं. मी तेव्हा भांग पाडत होते.

मला वाटलं होतं, चूक झाली तर पडदे कोरे दिसतील, थोडी बोंबाबोंब होईल, धाकटीचं नाक खाली येईल. नियोजित ऑपरेशन नव्हतं ना. पण बाळंतीण नोटीस बघून येते का? एकोणीस वर्षं हॉस्पिटलात काढून मला एवढं कळू नये?

घरी धाकटी आठ दिवस पाय उशीवर घेऊन बसायची होती, पण शुक्रवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून पट्टी बांधून आली. बुधवारपासून ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती. "ताई, जेवलात का? ताई, लेकीचा पेपर कसा गेला?" मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही. मग वाटलं, कळलं तर?

आणि शुक्रवारी सकाळी माझ्या डोक्यात लख्ख आलं. हिस्टरी!

म्हाताऱ्यावर जे टाइप कराल ते सगळं तो आठवणीत ठेवतो. पत्ते विसरेल, वाटा विसरेल, पण कुणी काय टाइप केलं ते विसरत नाही. ओळीने, तारीख-वेळेसकट. तारीख-वेळेची सोय धाकटीनेच करून ठेवलेली. आमचं दोघींचं लॉगिन एकच, पासवर्ड तिसऱ्या कुणाला माहीत नाही. म्हणजे अकरा दिवसांत तीनदा ती फाइल कुणी उघडली, हे तिने एकदा 'हिस्टरी' म्हटलं की झालं, शेंबडं पोरही सांगेल. आणि बिघाड शोधताना पहिली गोष्ट कुठली बघतात? हिस्टरीच बघतात.

मी जवळजवळ पळतच मशीनखोलीत गेले. कुणी नव्हतं. बसले, हिस्टरी मागवली, बोटाने तारखा शोधत खाली आले. त्या तीन ओळी पुसून टाकायच्या आणि मग साहेबांकडे जायचं, असं ठरवून.

ओळी नव्हत्या.

पुन्हा वरून बघितलं. त्या तारखा होत्या. त्या तारखांना मी टाइप केलेलं बाकीचं सगळं होतं, आधीचंही, नंतरचंही. फक्त त्या तीन ओळी तेवढ्या काढलेल्या. अलगद, एकेक वेचून. हे काम करू शकणारी माणसं दोन. त्यातली मी नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. आधी हुश्श झालं. वाचले बाई. तिला कळलं, तिने पुसलं, कुणाला बोलली नाही. प्रश्न मिटला. आणि मग, बादली भरत यावी तसा माझ्यात राग भरत आला. हिने हेसुद्धा करावं? माझं पाप हिने पुसावं? मला चोरीही धड करू देऊ नये? आता जन्मभर ही समोरून जाणार, "ताई, चहा सांगू का?" म्हणणार, आणि मला माहीत असणार की हिला माहीत आहे. हुशार ती, गोड ती, पळाली ती, पडली ती, आणि वर मन मोठं केलं तेही तिनेच. मग माझ्या वाट्याला काय उरलं?

साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. मोठे साहेब, हेडसाहेब, ती आणि मी. तिने पट्टीचा पाय पुढे घेतलेला. साहेबांनी तिचा अहवाल वाचून दाखवला. 'दुसऱ्या कार्डाला जागं व्हायला वेळ लागतो, याची नोंद मी फाइलीत केली नाही. ही सर्वस्वी माझी चूक आहे. ताईंच्या अनुभवामुळे काम पूर्ववत झालं.'

साहेबांनी कागद खाली ठेवला. "प्रामाणिक आहात, आनंद आहे. पण अनुभव तो अनुभव." मग माझ्याकडे वळले. "ताई, हेडसाहेबांच्या नंतर ही खोली तुम्हीच सांभाळावी, असं आमचं मत झालंय. दारावर पाटी कशी हवी ते सांगा."

धाकटी माझ्याकडे बघून हसली. खरं खरं हसली हो, मनापासून. त्या हसण्यात टोचणी असती, एवढीशी जरी, तरी मी ती पाटी घेतली असती.

"चूक तिची नाही," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"तिने मला विचारलं होतं मध्ये का थांबता म्हणून. मी तहान लागली म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. नंतर फाइल मी तीनदा उघडून बघितली. चूक दिसली. गप्प बसले. बुधवारची रजा मुद्दाम टाकली. फोनवर सांगता आलं असतं, सांगितलं नाही. इस्त्रीचे कपडे घालून आले."

हेडसाहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसतच बसले. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, अहो..." एवढंच म्हणाली.

आता कुणी म्हणेल, बाईला उपरती झाली. छे! मी चांगुलपणाने नाही सांगितलं. जळून सांगितलं. एक गोष्ट तरी अशी हवी होती की जी ती माझ्या आधी, माझ्यापेक्षा चांगली करू शकणार नाही. ती एवढीच उरली होती. ती बाळंतीण मात्र तेव्हा माझ्या मनात होती. तेही खोटं नाही.

पाटी धाकटीच्या नावाची लागली. मला लेखी ताकीद मिळाली आणि एक वर्ष बढतीचं नाव काढायचं नाही, असं झालं. काढलं नाही नोकरीवरून, हेच खूप. घरी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आईला नको सांगूस." सासूबाईंना कळायचं ते कळलंच. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मोबाइल मात्र चार्जिंगला माझ्याचकडे द्यायच्या.

सोमवारी धाकटी लंगडत आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने फाइल उघडली.

"कशाला सांगितलंत?" पडद्याकडे बघतच तिने विचारलं. "बुधवारी घरी जायच्या आधीच मी पुसलं होतं ना."

"तुला कुणी सांगितलं होतं पुसायला?"

"मला वाटलं, घरातलं घरात राहावं."

"चांगलं वागायचा मक्ता काय तूच घेतलायस?" मी म्हटलं.

ती हसली नाही, मीही नाही. तिने दोन कार्डांच्या मध्ये नवी ओळ घेतली. "चाळीस सेकंद?"

"पंचेचाळीस. थंडीत पन्नास लागतात. पन्नासच लिही."

तिने लिहिलं. तपासायला हवं होतं, म्हणून वॉर्डांना कळवून म्हातारा बंद केला आणि सुरू केला. पहिलं कार्ड आलं. मी सवयीने उठून माठापाशी गेले, ग्लास भरला, आणि तिथेच उभी राहिले. माझ्या पाठीमागे कुणी काही टाइप करत नव्हतं. तरी थोड्या वेळाने पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. दुसरं कार्ड, रक्तपेढी, थिएटर, लॅब. शेवटची ओळ आली आणि म्हातारा गप्प बसला. वरून एकही फोन आला नाही. येण्याचं कारणच नव्हतं.

"झालं," धाकटी म्हणाली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "ताई, पाणी प्यायचं राहिलं तुमचं."

"तहान नाही मला," मी म्हटलं, आणि ग्लास तिच्यापुढे ठेवला.